'आपला माणूस' एवढंच पुरेसं नाही



मी बोलणार आहे लंडनच्या महापौरांच्या निवडणुकीबद्दल. पण सुरुवात आपल्याच गल्लीपासून करतो. एका महापालिका निवडणुकीत मी उमेदवारासाठी दारोदार फिरलो. प्रत्येक दारात माझं एकच वाक्य असायचं, "आपला माणूस आहे, ध्यान ठेवा." एका खालांनी विचारलं, "बेटा, आपला आहे ते ठीक. पण नळाला पाणी कधी येणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे सादिक खान यांचा २०१६चा प्रचार बारकाईने वाचला, तेव्हा माझी चूक लक्षात आली. पाकिस्तानातून आलेल्या बस ड्रायव्हरचा हा मुलगा. आई शिवणकाम करायची, घरात आठ भावंडं, राहायला सरकारी घर. तो मुसलमान आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्याने ते लपवलंही नाही. पण मत मागितलं ते बसच्या भाड्यावर आणि परवडणाऱ्या घरांवर. चार वर्षं भाडं वाढवणार नाही, तासाभरात दुसरी बस पकडली तर पुन्हा पैसे लागणार नाहीत, ही त्याची आश्वासनं होती.

समोर हुजूर पक्षाचे झॅक गोल्डस्मिथ होते. त्यांच्या प्रचारात सादिक खान यांचं नाव कट्टरवाद्यांशी जोडलं गेलं. भारतीय वंशाच्या मतदारांना पत्रं गेली आणि मजूर पक्ष घरातल्या दागिन्यांवर कर लावेल अशी भीती घातली गेली. हे आपल्याला नवीन नाही. पण भीतीला उत्तर म्हणून त्यांनी फक्त आपल्या समाजाला एकत्र बोलावलं नाही. ते सगळ्यांच्या दारात गेले.

आता हिशोब पाहा. २०११च्या जनगणनेत लंडनमधले मुसलमान, लहान मुलं धरून, साधारण दहा लाख. सादिक खान यांना दुसऱ्या पसंतीसह मतं पडली १३ लाख १० हजार. म्हणजे केवळ 'आपल्या' मतांवर हा विजय शक्यच नव्हता. पुढे २०२१ आणि २०२४ मध्येही ते निवडून आले.

तिथे महापौर थेट जनता निवडते. मुंबईत नगरसेवक महापौर निवडतात आणि कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे असतात. त्यामुळे त्यांचा प्रचार जसाच्या तसा इथे चालणार नाही. पण नगरसेवक तर आपणच निवडतो ना?

तेव्हा पुढच्या निवडणुकीआधी एक काम करू. आपल्या वॉर्डातलं पाणी, कचरा, दवाखाना, पालिकेची शाळा यांची यादी करू. ती यादी घेऊन शेजारच्या, 'आपल्या' नसलेल्या गल्लीतही जाऊ. तिथला नळही कोरडाच असेल, तर बोलायला विषय आपोआप मिळेल.

त्या खालांकडे मला पुन्हा जायचं आहे. या वेळी उत्तर घेऊन.