नव्या दफ्तरात मराठीची जागा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘क्लाउड’ म्हणजे ढग. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकून मोह होतो. पण हा ढग आकाशात नसतो. तो भिंतींच्या आत, थंड ठेवलेल्या खोल्यांत, विजेवर चालणाऱ्या यंत्रांत असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात अशी तीन केंद्रे सुरू केली, त्यांतले एक पुण्यातले. म्हणजे आपल्या कचेरीचा कागद ‘ढगात गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो कदाचित गावातल्या गावातच असतो.

सध्या कचेऱ्यांत एक मोठी आवराआवर चालू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नेहमीचा आधार संपला. आता सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या तर संस्थांना त्या पैसे मोजून, तेही ठरावीक मुदतीपुरत्याच मिळतात. म्हणून जुन्या संगणकांवर ‘विंडोज ११’ चढवले जाते. ज्यांना ते पेलत नाही ते अडगळीत जातात.

पूर्वी या कामासाठी एक मुलगा सीडी किंवा पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरायचा. कोणाचा प्रिंटर कुठला, कोणाला कुठला फॉन्ट लागतो, हे त्याला ठाऊक असे. आता संगणकाची खूण संस्थेच्या नावावर क्लाउडमध्ये नोंदवतात, किंवा एक छोटी सूचना-फाईल नव्या विंडोजबरोबर त्याच्या पोटात ठेवतात. जुने सारे पुसले जाते. संगणक सुरू झाला, इंटरनेटला जोडला, की तो कचेरीचा ई-मेल आणि पासवर्ड विचारतो. मग यादीप्रमाणे एकेक सॉफ्टवेअर आपोआप उतरते. शंभर संगणक असोत की हजार, कोणी टेबलापर्यंत यावे लागत नाही. सोय मोठी आहे, सुरक्षितताही आहे. मी तिच्या विरोधात नाही.

पण सगळी मेख त्या यादीत आहे. यादीत जे नाही ते संगणकात येत नाही, आणि स्वतःहून काही बसवण्याचा अधिकार बहुधा कर्मचाऱ्याला नसतो. ही यादी करणाऱ्याला मराठी आठवली नाही, तर?

मराठीचे संगणकावरचे घर बांधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. सी-डॅक १९८८ साली पुण्यात स्थापन झाली. ‘श्रीलिपी’ही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. पत्रके, अहवाल, लग्नपत्रिका, कवितासंग्रह, वर्षानुवर्षे सारे अशा फॉन्टांत टाइप झाले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला की मजकूर उरतो, पण वाचता येत नाही; दिसतात फक्त रोमन अक्षरे आणि चिन्हे.

युनिकोडने हा घोळ मिटवला. पण जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना डोळ्यांत तेल घालावे लागते. मराठीत ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत एका अर्ध्या ‘र’चा फरक. निष्काळजी रूपांतर झाले, तर निमंत्रणपत्रिकेतला स्वयंपाकी थेट व्यासपीठावर जाऊन बसतो!

पुण्याला हे दुखणे नवे नाही. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. दफ्तर, रुमाल हे दोन्ही शब्द फारसीतून आले आणि मराठीचेच झाले. कागद शाबूत आहेत, पण मोडी वाचणारे थोडे. मोडीचे वाचक दुर्मीळ व्हायला काही पिढ्या लागल्या. संगणकावरचा मजकूर मात्र एका दुपारीत मुका होऊ शकतो.

म्हणून संगणक पुसण्याआधी चार गोष्टी कराव्यात. पहिली, कुठल्या संगणकावर कुठला मराठी फॉन्ट आणि कुठले सॉफ्टवेअर आहे, ते लिहून काढा. बरोबर कुलूप म्हणून डोंगल असेल तर तेही जपा. दुसरी, ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ क्लाउडमध्ये आपोआप ठेवायची सोय असते, पण आपल्याकडे निम्मा कारभार ‘डी ड्राइव्ह’वर असतो; तिथली प्रत वेगळी काढा. तिसरी, महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ करा, युनिकोड प्रत करून माणसाकडून तपासून घ्या, आणि मूळ फाईल फॉन्टसकट ठेवा. चौथी, नव्या यादीत मराठी भाषा, मराठी कळफलक आणि फॉन्ट घालायला सांगा. सवयीचा ‘मंगल’सुद्धा आता विंडोजमध्ये पूरक फॉन्ट म्हणून वेगळा घ्यावा लागतो.

हे काम संगणक विभागाचे, असे म्हणून हात झटकू नयेत. त्या विभागाला यंत्रे ठाऊक असतात. कुठल्या फाईलमध्ये संस्थेची तीस वर्षांची इतिवृत्ते आहेत, ते तिथल्या जुन्या कारकुनालाच ठाऊक. यादी करताना त्याला खुर्ची द्या. तो निवृत्त होण्याआधी द्या.