जुन्या फोनला नवी टाकी

जाते गुळगुळीत झाले म्हणून कोणी ते फेकून देत नाही. टाकी लावली की ते पूर्ववत दळू लागते. खिशातल्या फोनच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. त्याचा पडदा शाबूत असतो, कळा नीट दाबल्या जातात. परंतु निर्मात्याने त्याची प्रणाली सुधारण्याचे थांबवले, की धडधाकट यंत्र अकाली वृद्ध ठरते.

फिनलंडच्या नोकिया कंपनीने २००९ साली एन ९०० हा फोन बाजारात आणला. पडदा वर सरकवला की खाली तीन ओळींचा कळफलक दिसे. आत लिनक्सवर आधारलेली मेमो ही प्रणाली होती. २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची वाट धरली आणि मेमो मागे पडली.

फोन मात्र मागे पडला नाही. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये रचावयास घेतलेला लिनक्सचा गाभा कोणासही वाचण्यास व बदलण्यास मोकळा आहे. एन ९०० चे भाग कसे चालवावेत, याचे ज्ञान स्वयंसेवकांनी त्या मूळ गाभ्यातच घातले. म्हणून नव्या संगणकांसाठी निघणारा गाभा या जुन्या फोनलाही ओळखतो. २०१७ मध्ये जाहीर झालेली पोस्टमार्केटओएस आणि मेमोचा वारसा सांगणारी मेमो लेस्ते या प्रणाली अशाच आधारावर उभ्या आहेत. मोटोरोलाच्या २०१२ सालच्या ड्रॉइड ४ या फोनवरही मेमो लेस्ते चालते. त्याचा कळफलक तर पाच ओळींचा आहे.

कळफलकाचे महत्त्व येथेच आहे. लिनक्सला पुष्कळदा आज्ञा लिहून द्यावी लागते, आणि एक चिन्ह चुकले तरी ती फसते. काचेवरच्या कळा निम्मा पडदा झाकतात. खऱ्या कळा बोटांना जाणवतात आणि पडदा वाचावयास मोकळा राहतो.

अर्थात, एन ९०० ची कार्यस्मृती अवघी २५६ मेगाबाइट. आजची वेबपाने तिला पेलत नाहीत. टिपणे लिहिणे, दूरच्या संगणकाला आज्ञा देणे, ही कामे तो करू शकतो. ज्या भागांचे अंतरंग निर्मात्यांनी झाकून ठेवले, तेथे मात्र स्वयंसेवकांचेही हात अडतात.

टाकी लावणाऱ्यापुढे जात्याचा दगड उघडा असतो. यंत्राचेही अंतरंग तसेच उघडे असेल, तर ते किती वर्षे चालावे हे त्याच्या धन्याला ठरवता येईल.