बंदुकीवरची दुर्बीण : आधी कागद, मग काच
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



रानडुकराचा विषय निघाला की गेल्या काही बैठकांपासून एकच प्रश्न येतो. "साहेब, बंदुकीवर दुर्बीण बसवली तर रात्री डुक्कर टिपता येईल का? कोणती घ्यावी?" डुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारी लोळवतो, हरभरा उकरून टाकतो, पऱ्हाटीच्या ओळी मोडून जातो. जागलीला बसून माणसाच्या डोळ्याची झोप गेली आहे. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर दुकानात सुरू होत नाही. म्हणून क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट कागदाची. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शेत आपलं, पीक आपलं, म्हणून डुक्कर मारायचा हक्क आपोआप मिळत नाही. मात्र त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये वाट ठेवलेली आहे. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासकट मालमत्तेला धोकादायक झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने, कारण नोंदवून, ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असतं. त्याचे वाटे पाडायचे नसतात, वनखात्याला कळवून पंचनामा करायचा असतो. परवानगी नसताना घोडा दाबला तर पीक जातंच, वर आपण आरोपी होतो.

दुसरा कागद बंदुकीच्या लायसनचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी म्हणून जी बंदूक सांगितली आहे ती तोंडाने ठासायची, म्हणजे भरमार. बारा बोअरची दुनाळी बऱ्याच गावांत एखाददुसऱ्याकडे असते. .३१५ ची रायफल त्याहून कमी लोकांकडे. आणि लायसन ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात. भाच्याला, सालदाराला "आज तू बस" म्हणून देता येत नाही.

आता दुर्बिणीकडे येऊ. भरमार आणि छऱ्याची बारा बोअर यांच्यावर दुर्बीण बसवण्यात पैसा घालू नका. या बंदुकीच्या नळीला आतून आटे नसतात. एलजीच्या काडतुसात मोजके मोठे छर्रे असतात आणि ते निघाल्याबरोबर पसरायला लागतात. साधारण ३०-३५ मीटरच्या पुढे त्यातला एखादाच छर्रा डुकराला लागेल, तोही कुठे लागेल याचा भरवसा नाही. दुर्बिणीने ८० मीटरवरचं डुक्कर जवळ दिसेल, पण छर्रे काही जवळ येणार नाहीत. अशा बंदुकीच्या मालकाने एकच काम करावं. चार वर्तमानपत्रं जोडून मोठा कागद करायचा आणि रायफल क्लबच्या मैदानावर २० मीटरवरून एक, ३० मीटरवरून एक अशी दोन काडतुसं त्यावर मारून पाहायची. छर्रे वीतभराच्या जागेत किती पडले ते मोजायचं. आपल्या बंदुकीची खरी मर्यादा तो कागद सांगतो.

दुर्बीण शोभते ती आटे असलेल्या रायफलला. तिथेही दुकानदार मोठा आकडा दाखवतो, "बारा पट आहे, चोवीस पट आहे." दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ४ × ३२ म्हणजे चार पट मोठं दिसणार आणि पुढच्या काचेची रुंदी ३२ मिलिमीटर. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ३२ भागिले ४, उत्तर ८. मागच्या काचेतून डोळ्यात येणारा उजेडाचा गोल ८ मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर ५ च्या आसपास. म्हणजे ही साधी दुर्बीण डोळ्याला घेता येईल तेवढा उजेड पुरवते. आता ४० मिलिमीटरची काच ठेवून बारा पट करा. गोल राहतो ३.३ मिलिमीटरचा. चित्र मोठं, पण काळपट. झुंजुमुंजूच्या वेळी नेमकी हीच उणीव नडते.

दुसरं, मोठ्या पटीत दिसणारा पट्टा अरुंद होतो. चार पटीच्या दुर्बिणीतून १०० मीटरवर साधारण १० मीटर रुंदीचं रान दिसतं, बारा पटीतून ३ मीटरच्या आसपास. आपल्याकडे डुक्कर दिसतं ३०-४० मीटरवर, तेही धुऱ्यावरून पळताना. तिथे बारा पटीचा पट्टा जेमतेम मीटरभर उरतो, त्यात डुकराचं सगळं अंगसुद्धा मावत नाही. मागे पिल्लं आहेत की माणूस, काही कळत नाही. म्हणून स्थिर चार पट, किंवा १ ते ४ अशी कमीजास्त होणारी, एवढी पुरे.

घेताना आणखी दोन गोष्टी विचारा. एक, डोळा आणि मागची काच यांत किती अंतर ठेवावं लागतं. रायफलला तीन ते चार इंच हवं. कमी असेल तर धक्क्याबरोबर काचेची कड भुवईवर बसते आणि टाके पडतात. दोन, ती मोठ्या रायफलचा धक्का सोसणारी आहे की छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीसाठी केलेली. स्वस्त म्हणून दुसरी घेतली तर थोड्या बारांनंतर आतली फुली हलते. बाहेरून काही दिसत नाही, नेम मात्र गेलेला असतो.

बसवण्याचं काम. दुर्बिणीइतकंच लक्ष खालच्या पट्टीकडे आणि कड्यांकडे द्या. जुन्या रायफलला पट्टी बसवायला भोकं पाडावी लागली, तर ते गावच्या लेथवाल्याचं काम नाही. बंदूक दुरुस्तीचं लायसन असलेल्या कारागिराकडेच जा, आणि आधी लायसन शाखेत विचारून घ्या. कड्या दुर्बिणीच्या नळीच्या मापाच्याच हव्यात, एक इंच किंवा ३० मिलिमीटर. आतली फुली सरळ उभी आहे का, हे पाहायला गवंड्याचा ओळंबा लागतो. २५ मीटरवर ओळंबा टांगा, रायफल सरळ धरा, फुलीची उभी रेघ दोरीवर बसवा, मग स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एकाच बाजूचा स्क्रू पिळून घट्ट केला तर नळी दबते.

आता नेम जुळवणं. हे शेतात करायचं नाही. जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या मैदानावर परवानगीने करायचं. लायसनवर काडतुसं मोजकी मिळतात, म्हणून ती वाचवायची रीत सांगतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पोत्यांवर पक्की ठेवा आणि मागून नळीच्या आत बघा. २५ मीटरवरचा काळा ठिपका नळीच्या मधोमध आणा. मग रायफल न हलवता दुर्बिणीच्या दोन फिरक्या फिरवून फुली त्याच ठिपक्यावर आणा. एकही काडतूस न उडवता निम्मं काम झालं.

मग २५ मीटरवर एक बार, आणि पुढे ५० मीटरवर तीन. एका बारावर फिरकी फिरवू नका, तीन भोकांचा मध्य काढा. बहुतेक दुर्बिणींची एक खट् म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर, म्हणून ५० मीटरवर साडेतीन. समजा मध्य ठिपक्याच्या ९ सेंटिमीटर खाली आणि ४ सेंटिमीटर डावीकडे आहे. ९० ला साडेतीनने भागा, सुमारे २६ खट् वर. ४० ला भागा, सुमारे ११ खट् उजवीकडे. पुन्हा तीन बार मारून खात्री करा. यापुढे काडतुसाची जात बदलली, दुर्बीण आपटली किंवा स्क्रू सैल झाला, तर हे सगळं पुन्हा.

डुकराचा मर्म असतो पुढच्या पायामागे, साधारण एका ताटलीएवढा. ज्या अंतरावर तुमचे तिन्ही बार त्या ताटलीत पडत नाहीत, त्या अंतरावर तुम्ही बार करायचा नाही. जखमी डुक्कर ज्वारीत शिरलं, की सकाळी तिथे कापणीला जाणाऱ्या बाया असतात.

आणि आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. दुर्बिणीतून जनावर शोधायचं नाही. दुर्बीण नळीला बांधलेली आहे. तुम्ही जिकडे बघाल तिकडे भरलेली नळी रोखलेली असते. शेजारच्या धुऱ्यावर काही हललं आणि ते काय आहे हे बघायला तुम्ही दुर्बीण उचलली, तर तुम्ही शेजाऱ्यावर बंदूक रोखलेली असते. तोही बिचारा जागलीलाच आलेला असतो. ओळखायचं विजेरीने, ओळख पटल्यावर मगच बंदूक. मचाणावरून मारा, म्हणजे गोळी खाली जमिनीत जाईल. .२२ ची चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाते, रायफलची त्याहून कितीतरी पुढे. उभ्या ज्वारीमागे काय आहे ते दिसत नसेल तर बार नाही, मग डुक्कर कितीही जवळ असो.

म्हणून माझी सूचना अशी. दहा जणांनी दहा दुर्बिणी घेऊन सावकाराचं भलं करू नका. आसपासच्या गावांत लायसन असलेला, हात बसलेला एक माणूस शोधा. वन परिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज सगळ्यांनी मिळून करा. पिकाचं नुकसान झाल्याबरोबर सात-बारा जोडून भरपाईचा अर्जही त्याच फेरीत द्या आणि दोन्हींची पोच घ्या. त्या माणसाची रायफल मोसमाआधी मैदानावर जुळवून घ्या, काडतुसांचा खर्च वाटून घ्या. बार होणार त्या रात्री कोण कुठल्या मचाणावर आहे हे सगळ्या जागल्यांना माहीत असलं पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या अर्जाच्या पोचपावत्या सोबत आणाव्यात. किती अर्ज गेले, किती परवानग्या आल्या आणि किती दिवसांनी आल्या, याचा हिशेब आपण इथेच मांडू.