सोबतीचा पेला



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. इंग्लंडातल्या गावोगावच्या बिअरवर बोलण्याचा त्याला काय अधिकार? अधिकार एवढाच, की आम्ही कामगार वस्तीत वाढलो. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी बायका का उभ्या राहत, हे कळण्यासाठी आम्हाला पुस्तक वाचावे लागले नाही. तेव्हा दारूचे गुणगान करायला आम्ही येथे आलेलो नाही. मद्य शरीराला अपायकारक आहे असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि ज्यांनी ते वर्ज्य मानले आहे त्यांनी ते वर्ज्यच ठेवावे. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळे. कष्टकरी माणसाच्या पेल्यात काय असावे, हे कोणी ठरवायचे? मालकाने, मुकादमाने, सरकारने, की त्याने स्वतः, चारचौघांच्या विचाराने? इंग्लंडच्या बिअरचा इतिहास चाळताना हा प्रश्न पानोपानी भेटतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. जवाला मोड आणतात, ते भाजून भरडतात आणि गरम पाण्यात त्यांचा गोड अर्क काढतात. हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून तो अर्क उकळतात आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवतात. यीस्ट म्हणजे त्या धंद्यातले विरजणच म्हणा. या जुन्या इंग्रजी पद्धतीच्या बिअरला एल म्हणतात. खरी एल कारखान्यातून निघते तेव्हा ती पुरी झालेली नसते. पिंपात जिवंत यीस्ट असते आणि पबच्या तळघरात, अकरा ते तेरा अंश थंडाव्यात, तिचे मुरणे चालूच राहते. पिंप उघडले की आत हवा शिरते, आणि तेथून साधारण तीन दिवसांत ते संपवावे लागते. नाहीतर एल आंबट होते.

आता हिशेब करा. फर्किन नावाच्या पिंपात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट एल मावते. पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक. बहात्तर पेले तीन दिवसांत संपवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्याला गाव लागते, रोज संध्याकाळी येणारी माणसे लागतात. बाटलीतली दारू माणूस दार लावून पिऊ शकतो. पिंपातली एल मात्र सोबतीवाचून टिकतच नाही. म्हणून तेथला पब हा आपल्याकडच्या गुत्त्यासारखा नव्हे. पब या शब्दाचा मूळ अर्थच सार्वजनिक घर असा आहे. आपल्या चावडीवर किंवा पारावर ज्या गप्पा होतात, त्या तेथे होतात.

आणि गावागणिक चव निराळी. बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम फार. त्या पाण्याने फिक्या रंगाची, कडवट, स्वच्छ एल उत्तम होते. इतर गावचे कारखानदार आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले, तेव्हा त्या क्रियेला बर्टनीकरण असेच नाव पडले. लंडनचे पाणी निराळे. तेथे अठराव्या शतकात काळसर पोर्टर निघाली, आणि हे नाव तिला मिळाले ते लंडनच्या हमालांवरून, कारण तिचे मोठे गिऱ्हाईक तेच होते. राजाच्या नावाने दारू पुष्कळ निघाल्या असतील. हमालाच्या नावाने निघालेली ही एक ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बर्मिंगहॅमच्या बाजूला ब्लॅक कंट्री म्हणून भट्ट्यांचा आणि ओतशाळांचा मुलूख आहे. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला कडक पेय चालत नाही. त्याच्यासाठी माइल्ड नावाची, बहुधा काळसर, गोडसर आणि सौम्य एल मुरली. यॉर्कशायरमध्ये बिटर ओतताना तोटीला बारीक चाळणी लावून वर दाट साय आणतात. दक्षिणेकडचा माणूस म्हणतो, सायीने पेला भरला म्हणजे मापात मारले! कोल्हापूरचा तांबडा रस्सा चांगला की खानदेशाची शेवभाजी, हा वाद आपल्याकडे जसा मिटत नाही आणि मिटावा असे कोणाला वाटतही नाही, तसाच हा.

या गोष्टीत आपल्या देशाचेही नाव आहे. इंडिया पेल एल ही बिअर आज जगभर गाजते आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसनची फिकी एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास, कलकत्त्यास येई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास होई आणि त्या प्रवासात ती छान मुरे. पुढे १८२० नंतर बर्टनच्या ऑलसॉप आणि बास यांनी हा धंदा हाती घेतला. पण ती पीत कोण? साहेब आणि व्यापारी. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला बहुधा पोर्टर येई. आणि बंदरावर ती पिंपे उतरवणाऱ्या आमच्या हमालाच्या वाट्याला फक्त ओझे! बिअरला नाव हिंदुस्थानचे, आणि घोट दुसऱ्याचा.

येथे आमच्या मूळ प्रश्नाची काळी बाजू सुरू होते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या थेम्स नदीवर जहाजांतून कोळसा उपसणाऱ्या मजुरांच्या टोळ्या होत्या. त्यांना काम देणारा कोण? नदीकाठचा पबवाला. जो जास्त पिईल त्याला काम आधी. जो पिणार नाही त्याला काम नाही. मजुरी मिळे तीही पबातच, प्यालेल्याचे पैसे कापून. घरी बायकोच्या हातात काय पडत असेल, हे या सभागृहात बसलेल्या माउल्यांना सांगायला नको. अखेर १८४३ साली पार्लमेंटने कायदा करून या मजुरांसाठी पबापासून दूर, स्वतंत्र नोंदणीची कचेरी उघडली. टोळीवाल्याच्या तावडीतून मजुराला सोडवून नोंदणीच्या टेबलापुढे उभे करायचे, ही ती कल्पना. आपल्याकडे १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा मंडळामार्फत काम आणि मंडळामार्फत मजुरी, हा मार्ग आपणही धरला. खाणीतल्या कामगारांची मजुरी पबात देण्यास १८४२ च्या कायद्याने बंदी झाली होती. इतर बहुतेक कष्टकऱ्यांसाठी तशी बंदी यायला १८८३ साल उजाडले.

म्हणजे पेला तोच, एलही तीच. पण मुकादमाच्या धाकाने प्यालेला पेला ही गुलामगिरी, आणि काम संपल्यावर मजुरी घरी पोचती करून, स्वतःच्या खुशीने मित्रांसोबत घेतलेला पेला हा विसावा. या दोहोंतला फरक दारूच्या अंशात मोजता येत नाही. तो माणसाच्या स्वातंत्र्यात मोजावा लागतो.

विसाव्याच्या या पेल्याचा एक अलिखित कायदा आहे. चारजण पबात गेले की प्रत्येकाने आपापले पैसे द्यायचे नाहीत. पहिली फेरी एकाची, दुसरी दुसऱ्याची. कामगार मित्रांच्या निमंत्रणावरून इंग्लंडात गेलो असता आम्ही हा रिवाज पाहिला. ब्लॅक कंट्रीतल्या एका पबात एका निवृत्त फिटरने आमच्यापुढे माइल्डचा अर्धा पाइंट ठेवला. आम्ही खिशात हात घातला, तसा तो म्हणाला, "तुमची फेरी पुढच्या वेळी. आता तुम्हाला पुन्हा यावेच लागेल." माइल्डची चव करपवलेल्या साखरेसारखी लागली. अर्धा पेला पुरा करायला आम्हाला तास लागला, आणि त्या तासात त्याने आपल्या बंद पडलेल्या कारखान्याची सगळी कहाणी सांगितली. फेरी म्हणजे केवळ औदार्य नव्हे. ते एकमेकांवर ठेवलेले छोटे कर्ज आहे, आणि अशा देण्याघेण्यातून माणसे बांधली जातात. मात्र फेरीच्या भिडेने नको असताना पिणे होते, हेही खरे. म्हणून जो नको म्हणेल त्याला आग्रह न करणे हा त्या कायद्याचा दुसरा भाग समजावा.

या फेरीची सत्तेलाही धास्ती वाटली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटिश सरकारने दारूगोळ्याच्या कारखान्यांतले काम बिघडू नये म्हणून अनेक भागांत दुसऱ्यासाठी पेला विकत घेण्यावरच बंदी घातली. स्वतःपुरते प्या, पण मित्राला पाजू नका! पिणे कमी करण्याचा हेतू समजण्यासारखा होता. पण नवऱ्याने बायकोसाठी पेला घेतला तरी तो गुन्हा ठरत होता. युद्ध संपल्यावर १९१९ साली हा हुकूम गेला आणि फेरी परत आली.

पुढचे संकट सरकारकडून नव्हे, भांडवलाकडून आले. १९६० च्या सुमारास छोटे कारखाने विकत घेऊन सहा बलाढ्य कंपन्या उभ्या राहिल्या. जिवंत एल सांभाळायला कसबी तळघरवाला लागतो, आणि ती नासण्याचा धोकाही असतो. म्हणून त्यांनी यीस्ट गाळून, बिअर तापवून निर्जंतुक करून, वायूच्या दाबाने धातूच्या पिंपात भरली. देशभर एकच चव, एकच जाहिरात. पबही बहुतेक त्यांच्याच मालकीचे, तेव्हा गिऱ्हाईक जाणार कुठे? यंत्रावर कसबी कारागिराची जागा बटण दाबणाऱ्याने घ्यावी, तसाच हा प्रकार होता.

१९७१ साली चार तरुणांनी या विरुद्ध एक संघटना काढली. तिचे आजचे नाव कॅम्पेन फॉर रिअल एल, म्हणजे खऱ्या एलसाठी मोहीम. लोकांनी हसून घेतले. पण त्यांनी गावोगावच्या चांगल्या पबांची यादी छापली, महोत्सव भरवले, आणि तेथे पिंपामागे उभे राहून पेले भरणारे लोक स्वयंसेवक होते. सभासदसंख्या लाखावर गेली. मे महिना मागे पडत चाललेल्या माइल्डसाठी पाळण्याचा प्रघातही याच संघटनेने पाडला. मरायला टेकलेली पिंपातली एल वाचली ती या लोकांच्या वर्गणीवर आणि पायपिटीवर.

पण आम्हाला सर्वांत आवडते ती लुईसची हकीकत. ससेक्समधले हे छोटे गाव. ‘मानवाचे हक्क’ लिहिणारा टॉमस पेन येथे काही वर्षे राहिला होता. गावात हार्वीज हा १७९० पासूनचा बिअरचा कारखाना आहे. लुईस आर्म्स नावाच्या पबात लोक पिढ्यानुपिढ्या हार्वीजची बिटर पीत. तो पब ग्रीन किंग या बाहेरगावच्या मोठ्या कंपनीच्या हाती गेला, आणि २००६ च्या डिसेंबरात कंपनीने तेथून हार्वीज काढून टाकली. गिऱ्हाइकांनी काय केले? दगड मारले नाहीत. त्यांनी बहिष्कार पुकारला. थंडीवाऱ्यात दाराशी आळीपाळीने उभे राहिले आणि येणाऱ्याला हात जोडून परत पाठवू लागले. पब ओस पडला. १३३ दिवसांनी, २००७ च्या एप्रिलमध्ये कंपनी नमली आणि हार्वीज परत आली. बंधूंनो, आम्ही पगारासाठी संप केले, कामावरून काढलेल्यासाठी केले. चवीसाठी झालेला असा संप आम्ही दुसरा ऐकला नाही.

कुणी म्हणेल, दरवेळी दाराशी उभे राहून कसे चालेल? त्याचे उत्तर कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्याने दिले. तेथला बिअरचा छोटा कारखाना १९९९ साली गावकऱ्यांनी सहकारी केला, आणि २००३ साली ओल्ड क्राउन हा पबही सहकाराने विकत घेतला. ब्रिटनमधला सहकारी मालकीचा हा पहिला पब मानतात. आज तेथे गावकऱ्यांच्या मालकीचे शंभराहून अधिक पब आहेत. सहकारी साखर कारखाने काढणाऱ्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये.

लढाई मात्र संपलेली नाही. बर्टनमध्ये आंबवण्याची एक जुनी रीत होती. पिंपे नळ्यांनी एकमेकांना जोडत. साऱ्यांतले यीस्ट वर एका सामाईक पन्हळीत येई आणि बिअर परत पिंपांत उतरे. या जोडणीला तेथे ‘युनियन’ म्हणत! मार्स्टन्स कारखान्याने ती रीत २०२४ साली बंद केली. त्यातला एक संच डर्बीशायरच्या थॉर्नब्रिज या लहान कारखान्याने नेऊन पुन्हा चालू केला. युनियन मोडली तरी एक पिंपांची रांग शिल्लक राहिली की ती पुन्हा उभारता येते, हे कामगार कार्यकर्त्याला निराळे सांगायला नको.

काहीजण म्हणतात, कामगाराला आधी भाकरी द्या, चवीचे नंतर पाहू. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले, अशी मागणी ज्यांनी केली त्यांनी तिसरे आठ तास उगाच मागितले नव्हते. त्या आठ तासांत माणूस काय खातो, काय पितो, काय ऐकतो आणि कोणासोबत बसतो, हे त्याने स्वतः ठरवावे म्हणून ते मागितले. ते तास बाजाराच्या हवाली केले, तर कारखान्यात मिळवलेले आपण दाराबाहेर गमावले असे होईल. पेल्यात एल असो, ताक असो की चहा असो. तो कोणाच्या धाकाने नसावा, कोणाच्या घरचा घास काढून भरलेला नसावा, आणि शक्य तोवर एकट्याने घेतलेला नसावा.