तुरुंगातील हस्तलिखित

आर्थर रोड तुरुंगाच्या भिंतीजवळून आपण लालबागला जातो, आणि आत गेलेल्याचे हक्क संपले असे धरून चालतो. प्रभाकर संझगिरी यांनी स्थानबद्धतेत मराठीत अणुविज्ञानाचे पुस्तक लिहिले. लिहायची परवानगी होती; बाहेर पाठवायची १९६५ साली नाकारली गेली. का, तर नियमांच्या यादीत ती सवलत नाही! संझगिरी उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूचा तो निकाल त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरला: यादी सवलतींची नव्हे, निर्बंधांची, तिच्यात नाही ते स्वातंत्र्य स्थानबद्धाचेच.

आम्हांला हा निकाल हस्तलिखितापेक्षा मोठा वाटतो. पुढे मुंबईच्या पोलीस कोठडीत स्त्रियांना मारहाण होते, असे पत्र पत्रकार शीला बर्से यांनी लिहिले. न्यायालयाने तेच याचिका मानले. १९८३ साली आज्ञा झाली, स्त्रियांची चौकशी स्त्री-पोलिसांच्या समक्षच व्हावी.