मुलगी घोड्यावर बसायचं म्हणते तेव्हा

नागपूरच्या सीताबर्डीतून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आमच्या इथे झाशी राणी चौक आहे. आता तिथल्या मेट्रो स्टेशनलाही राणीचंच नाव आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपणच मुलीला काष्टा नेसवतो, पाठीला बाहुली बांधतो आणि तिला झाशीची राणी करतो. पण तीच मुलगी खऱ्या घोड्यावर बसायचं म्हणते, तेव्हा घरात काय होतं? आज त्यावर बोलू.

आमच्या एका गटात असा अर्जच आला. घरकाम करणाऱ्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं, मुलीची घोडेस्वारीची फी. मुलगी अकरावीत आहे. बैठकीत आधी सगळ्या हसल्या, मग तीन हरकती निघाल्या. एक, हे पुरुषांचं काम. दोन, मुलीच्या शरीराला धोका. तीन, हा श्रीमंतांचा नाद, त्यातून मिळणार काय? तुमच्या गटातही हेच तीन प्रश्न येतील, म्हणून आम्ही शोधलेली उत्तरं सांगतो.

पहिली हरकत. घोडा म्हणजे फौज, आणि फौज म्हणजे पुरुष, असं जगभर धरलेलं होतं. आमच्या सीताबर्डीच्या टेकड्यांवर १८१७ च्या नोव्हेंबरात नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. तिचं पारडंही इंग्रजांच्या घोडदळाच्या धडकेनं फिरलं. ऑलिम्पिकमध्येसुद्धा १९५२ पर्यंत या खेळात बहुतेक लष्करी अधिकारीच उतरत. त्या वर्षी पहिल्यांदा बायांना परवानगी मिळाली आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक जिंकलं. त्यांना पोलिओ झाला होता, गुडघ्याखाली पायात बळ नव्हतं. घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. पण एकदा मांड बसली की त्या पुरुषांच्या बरोबरीनं खेळायच्या. आजही ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत बायांची वेगळी स्पर्धा नसते. बाई आणि पुरुष एकाच यादीत असतात, गुण एकाच मापानं मिळतात.

आपल्या देशाचंच बघा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चीनच्या हांगझोऊ शहरात आशियाई खेळ झाले. तिथे भारताच्या चौघांनी ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक आणलं. घोडेस्वारीतलं सोनं तब्बल ४१ वर्षांनी आलं. त्या चौघांत दोन मुली होत्या. जयपूरची दिव्यकृती सिंग आणि आपल्या शेजारच्या इंदूरची सुदिप्ती हजेला. दोन मुलगे होते, मुंबईचा हृदय छेडा आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला.

हे ड्रेसाज म्हणजे काय? मोजलेल्या आयताकृती मैदानात ठरवून दिलेल्या चाली करून दाखवायच्या. घोडा किती सरळ चालतो, किती शांतपणे थांबतो, वळताना अंग कसं वळवतो, हे परीक्षक पाहतात आणि प्रत्येक चालीला दहापैकी गुण देतात. यात लगाम ओढून जोर दाखवला तर गुण जातात. स्वाराचा इशारा बघणाऱ्याला दिसू नये, घोड्याला मात्र कळावा. दुसरा प्रकार शो जंपिंग. आडव्या दांड्यांवरून उड्या मारायच्या, दांडी पडली की चार दोष. तिसरा इव्हेंटिंग. त्यात ड्रेसाज असतं, उड्या असतात आणि ओढे, चढउतार, ओंडके असलेल्या मोकळ्या रानातली दौडही असते.

दुसरी हरकत शरीराची. हे कुजबुजीत बोललं जातं, आपण मोकळं बोलू. घोड्यावर बसल्यानं निरोगी मुलीची गर्भपिशवी सरकत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. राहिला पडद्याचा प्रश्न. तो सायकल चालवून, पळून, उड्या मारूनही फाटू शकतो. काही जणींना तो जन्मतःच नावापुरता असतो. त्यावरून कोणत्याही मुलीची परीक्षा होत नाही. पाळीच्या दिवसांत झेपेल तसं करावं. पोटुशी बाईनं मात्र घोड्यावर बसू नये.

खरा धोका पडण्याचा आहे, आणि तो खोटा म्हणायचा नाही. घोडेस्वारी शिकणारा कधी ना कधी पडतोच. म्हणून डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट हवंच. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. ओढणी, बांगड्या, लोंबती कानातली घरी ठेवायची. घोड्याच्या अगदी मागून कधी जायचं नाही. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण शेपटीमागचं दिसत नाही. दचकला की लाथ बसते.

कर्ज देण्याआधी आमच्यातल्या दोघी जाऊन तबेला बघून आल्या. घोड्यांच्या पाठीवर जखमा आहेत का, पाणी स्वच्छ आहे का, नवख्या मुलीला पहिल्या दिवशी काय शिकवतात, हे त्यांनी पाहिलं. चांगल्या ठिकाणी पहिल्या दिवशी पळवत नाहीत. आधी खरारा करायला लावतात, खूर साफ करायला शिकवतात, खोगीर कसायला शिकवतात. मग शिकवणारा लांब दोरी धरून मधे उभा राहतो आणि घोडा गोल फिरवतो. मुलगी फक्त तोल शिकते. टाच खाली, पाठ ताठ, नजर पुढे. मग दुडकी चाल येते, तिच्या ठेक्यावर उठबस करायची. उडी फार नंतर येते.

आता तिसरी हरकत, पैशाची. ती खोटी नाही. घोडा काम करो न करो, त्याला चंदी-वैरण रोज लागते. हांगझोऊत जिंकलेल्या मुलांनी वर्षानुवर्षं युरोपात राहून सराव केला. ती वाट आपल्या ऐपतीची नाही, हे मुलीला स्पष्ट सांगावं. पण दुसऱ्या वाटा आहेत. एनसीसीत रिमाउंट अँड व्हेटरनरी नावाची शाखा असते, तिथे मुलीही घोडेस्वारी करतात. काही पशुवैद्यकीय महाविद्यालयांत ती आहे, तिथे विचारा. पुण्याजवळ कासार अंबोलीला मुलींची सैनिकी शाळा आहे, तिथेही घोडेस्वारी शिकवतात. पुढे घोड्यांची निगा, शिकवणं, पशुवैद्यक अशी कामं आहेत. त्याचं शिक्षण देणारं पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ तर आपल्या नागपुरातच आहे.

शेवटी गटानं ठराव केला. कर्ज तीन महिन्यांच्या फीपुरतं, व्याज सगळ्यांना लागतं तेवढंच, हेल्मेटशिवाय एकही दिवस नाही. दोघींनी ठरावावर सही केली नाही, त्यांचं मतही वहीत लिहून ठेवलं आहे. ताई हप्ते फेडतायत, मुलगी अजून दोरीवरच शिकतेय.

मैत्रिणींनो, भीमेच्या खोऱ्यातल्या धनगर बाया बिऱ्हाड घोड्यावर लादून रानोमाळ फिरत आल्या आहेत. घोड्याजवळ उभं राहणं आपल्याला नवं नाही. तुमच्या गावातली एखादी मुलगी असं काही वेगळं मागत असेल, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. दोघी जणी जा, जागा बघा, शिकवणाऱ्याला प्रश्न विचारा, खर्च कागदावर मांडा. मग बैठकीत त्या मुलीलाच बोलवा आणि तिला काय हवं आहे ते तिच्या तोंडून ऐका.

येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.