तीन पायऱ्या
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. एका मुलीबद्दल बोलतो.

प्रीती पाल, उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातली. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे मेंदूचा जो भाग स्नायूंना हुकूम देतो, त्यालाच इजा. पोर हुशार असली तरी हात-पाय ऐकत नाहीत. प्रीतीच्या पायांत लहानपणी कित्येक वर्षं कॅलिपर होते. तीच मुलगी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये टी-३५ गटात १०० मीटर १४.२१ सेकंदांत धावली. कांस्यपदक! पॅरालिम्पिकच्या धावण्याच्या शर्यतीत भारताचं हे पहिलं पदक. दोनच दिवसांनी २०० मीटरचंही कांस्य तिने मिळवलं.

अशा मुलांसाठी भांडणारी माणसं आपल्या मुंबईतही झाली. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी चिब हिला हाच त्रास. त्यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनीताई पुढे लंडनला जाऊन शिकल्या, एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं आणि दिव्यांगांच्या हक्कांसाठी बोलत राहिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सीही आहे.

आता आपल्या कळंबोलीत येतो. माझ्या नातवालाही सेरेब्रल पाल्सी आहे, तुम्ही सगळे त्याला ओळखता. आपल्याकडे लिफ्ट आहे, पण लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या आहेत. रोज त्याचा बाबा त्याला उचलतो, मग व्हीलचेअर उचलतो. पोरगा आता अकरा वर्षांचा झाला, वजन वाढतंय. गेल्या सभेत कुणीतरी विचारलं, "एकासाठी कशाला रॅम्प?" मला राग आला नाही. पण खरं सांगू, आज पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी किती जणांचे गुडघे दुखतात?

रॅम्पचा हिशोब सोपा आहे. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. आपल्या पायऱ्या दीड फूट, म्हणजे अठरा फूट. दोन-तीन स्कूटरच्या जागा जातील, त्यात माझीही एक.

प्रीतीसाठी टाळ्या जरूर वाजवा. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव येईल, तेव्हा हातही वर करा. एवढंच मागणं.